साइड स्टँड लाइन ३: ऑर्डरींकडून रेटकडे (प्रकल्प नोंदी)

९ जानेवारी २०२४, मंगळवार

चाकण एमआयडीसीतला कारखाना, लाइन ३. दुचाकीचे साइड स्टँड, सहा प्रकार, दोन पाळ्यांत मिळून रोज ३,००० नग. शीट कापून पट्ट्या होतात, प्रेसवर फूट प्लेट आणि पिव्होट ब्रॅकेट निघतात, रॉड बाहेरून वाकवून येतो आणि हे तिन्ही भाग वेल्डिंग सेलमध्ये जुळतात. मग माल सीईडी कोटिंगला (विजेच्या मदतीने द्रावात बुडवून दिलेला रंग) भोसरीच्या जॉबवर्करकडे जातो. परत आला की स्प्रिंग, बोल्ट, नट चढवून पॅकिंग.

आजवर सगळं प्रॉडक्शन ऑर्डरींवर, म्हणजे प्रत्येक लॉटची सिस्टीममध्ये वेगळी ऑर्डर. दिवसाला तीनच प्रकार धरले तरी २ पाळ्या आणि ४ टप्पे मिळून २४ ऑर्डरी. २६ दिवसांच्या महिन्यात ६२४. प्रत्येक ऑर्डर काढायची, रिलीज करायची, कन्फर्म करायची, बंद करायची. बंद करणं कायम मागे पडतं. आज सकाळी उघड्या ऑर्डरी १८३ आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त डिसेंबरच्या. त्यांचा माल कधीच गिऱ्हाइकाकडे पोचला, पण एमआरपीच्या (कोणता माल किती लागेल ते काढणारा सिस्टीमचा हिशेब) लेखी प्रत्येकीचे उरलेले दहा-वीस नग अजून यायचेच आहेत. तेवढा माल ती मिळणार म्हणून धरते आणि तेवढी मागणी कमी काढते. म्हणून प्लॅनर सिस्टीममधला आकडा बघतो आणि एक्सेलमध्ये दुसराच लिहितो. हे थांबवायचं आहे.

ठरलं ते असं: सॅप या आपल्या सॉफ्टवेअरमधलं रिपीटिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग वापरायचं. ऑर्डर नाही, लाइनवर कोणत्या तारखेला किती नग एवढाच प्लॅन. नग बनले की बीओएमच्या (एका नगाला काय आणि किती लागतं त्याची यादी) हिशेबाने सुटा माल आपोआप वजा होणार, म्हणजे बॅकफ्लश. खर्च ऑर्डरवार न बसता प्रॉडक्ट कॉस्ट कलेक्टर या मालवार खात्यावर महिनाभर साठणार. जिथे तोच माल, तोच मार्ग आणि काही तासांत संपणारं काम आहे तिथेच ही पद्धत बसते. नव्या मॉडेलचे पायलट लॉट आणि डाय ट्रायल मात्र ऑर्डरींवरच ठेवायच्या. त्यांचा खर्च वेगळा दिसलाच पाहिजे.

१२ जानेवारी

रेट मोजला, म्हणजे लाइन तासाला किती नग काढते ते. वेल्डिंग सेल हीच लाइनची अडचणीची जागा, म्हणून रेट तिथलाच धरायचा.

पाळी ७:०० ते ३:३०, म्हणजे ५१० मिनिटं. जेवण ३०, चहा दोनदा १०-१०, सुरुवातीची तपासणी १०. हातात उरतात ४५०. दोन पाळ्यांचे ९०० मिनिटं, ५४,००० सेकंद. ३,००० नगांनी भागलं की टॅक्ट (मागणी पुरवायला एका नगाला मिळणारा वेळ) १८ सेकंद. सेलचा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) १५ सेकंद, म्हणजे तासाला २४०, दिवसाला ३,६००. कागदावर ६०० नग जास्तीचे दिसतात, प्रत्यक्षात ते नाहीत. सहा पाळ्या घड्याळ लावून नोंदवलेला वेळेचा तोटा, दिवसाची सरासरी:

फिक्श्चर (भाग पकडून ठेवणारा साचा) बदल दोनदा, २२ मिनिटांचा एक: ४४ मिनिटं
नोझल साफ करणं, टिप आणि वायरचा स्पूल बदलणं: ३५
बारीकसारीक थांबे आणि ब्रेकडाउन: ५६

बेरीज १३५, म्हणजे १५ टक्के. खरी क्षमता ३,६०० च्या ८५ टक्के, ३,०६०. मागणीपेक्षा फक्त ६० नग जास्त.

इथे एक चूक हमखास होते, तोटा दोनदा धरण्याची. बरोबर पद्धत अशी: रेट रूटिंगमध्ये (कामाच्या टप्प्यांची सिस्टीममधली नोंद) तासाला २४० लिहायचे आणि वर्क सेंटरच्या (इथे वेल्डिंग सेल) कपॅसिटीत वापराची टक्केवारी ८५ टाकायची. तोटा एकाच ठिकाणी धरायचा. जुन्या रूटिंगमध्ये कोणीतरी आधीच २०४ लिहून ठेवले होते आणि वर्क सेंटरला ८५ टक्केही होते. तोटा दोनदा वजा होऊन सिस्टीम दिवसाला २,६०१ नगांचीच क्षमता दाखवत होती. गेलं वर्षभर क्षमता ओलांडल्याची लाल पट्टी दिसते म्हणून तिच्याकडे बघणंच बंद झालं होतं.

१६ जानेवारी

फॅक्टरी कॅलेंडर. आपली सुट्टी गुरुवारी, कोटिंगवाल्याची गुरुवारी, गिऱ्हाइकाची रविवारी. सिस्टीममधलं कॅलेंडर मात्र रविवार सुट्टीचं होतं, इन्स्टॉलेशनपासून तसंच राहिलेलं. त्यामुळे गुरुवारी ३,००० नगांचा प्लॅन पडायचा आणि रविवारचा रकाना रिकामा.

नवं कॅलेंडर करून प्लँटला जोडलं, २६ जानेवारी हाताने टाकली. त्यातून स्टॉकचा एक हिशेब उघड झाला. रविवारी आपण ३,००० बनवतो आणि गिऱ्हाईक काहीच उचलत नाही. गुरुवारी ते ३,००० उचलतं आणि आपण काहीच बनवत नाही. म्हणजे रविवार संध्याकाळपासून गुरुवारपर्यंत तयार मालात एक अख्खा दिवस जास्तीचा असणारच. तो 'जादा स्टॉक' नव्हे. स्टोअरमध्ये तेवढी जागा आखून घेतली. आजवर दर सोमवारच्या मीटिंगमध्ये याच स्टॉकवरून ओरड व्हायची.

१९ जानेवारी

फूट प्लेटची बीओएम. आजचा सगळा दिवस यातच गेला, आणि जायलाच हवा होता. बॅकफ्लश बीओएमवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. ऑर्डर पद्धतीत स्टोअरकीपर खरी शीट खरी इश्यू करतो, त्यामुळे बीओएम चुकीची असली तरी स्टॉक बऱ्यापैकी बरोबर राहतो. इथे तो मधला माणूस निघून जातो.

प्लेट ३.१५ मिमी एचआर (हॉट रोल्ड) शीटची. बीओएममध्ये नगाला ५२ ग्रॅम. हे तयार प्लेटचं वजन आहे, ड्रॉइंगवरून उचललेलं. प्रेसवर ब्लँक (प्लेटसाठी कापलेला तुकडा) ६० × ३८ मिमी, पट्टीची रुंदी ६६, पिच (एका ब्लँकपासून पुढच्यापर्यंतचं अंतर) ४१. म्हणजे एका नगामागे ६६ × ४१ × ३.१५ एवढा पत्रा खर्ची पडतो, ६७ ग्रॅम. भोकं, कोपरे, दोन ब्लँकमधली जाळी हे सगळं भंगारात.

६७ सुद्धा पुरे नाहीत. शीट २५०० × १२५०. ६६ च्या पट्ट्या लांबीने कापल्या तर १२५० मध्ये १८ बसतात आणि ६२ मिमीचा एक अरुंद तुकडा उरतो. प्रत्येक पट्टीत ४१ च्या पिचने ६० नग, शेवटचं शेपूट वाया. एका शीटला १,०८० नग. शीटचं वजन ७७.२७ किलो. नगाला ७१.५ ग्रॅम. हाच खरा आकडा.

५२ आणि ७१.५ मधला फरक १९.५ ग्रॅम. रोजच्या ३,००० नगांवर ५८.५ किलो. बॅकफ्लश ५२ वर सुरू केला असता तर सिस्टीमच्या लेखी दर चार दिवसांत तीन शीट जागेवर 'आहेत' आणि प्रत्यक्षात नाहीत. महिनाअखेरीला दीड टन. पत्रा संपला की प्रेस थांबते, आणि एमआरपी म्हणते खरेदीची गरज नाही.

बीओएम दुरुस्त केली. बेस क्वांटिटी (बीओएम जेवढ्या नगांसाठी लिहिली जाते तो आकडा) १,०८० नग, त्याला शीट ७७.२७ किलो. बेस असा शीटच्या पटीत घेतला की कोणालाही कॅल्क्युलेटरशिवाय तपासता येतो. भंगार बायप्रॉडक्ट म्हणून उणे चिन्हाने बीओएममध्येच टाकलं, १,०८० नगांना २१.१ किलो. आता भंगाराचा स्टॉक आपोआप वाढतो आणि भंगारवाल्याच्या वजनकाट्याची पावती त्याच्याशी ताडता येते.

बाजूला एक शक्यता दिसली. पट्ट्या शीटच्या रुंदीने कापल्या तर ३७ पट्ट्या, प्रत्येकीत ३० नग, एकूण १,११०. शीटमागे ३० नग जास्त. पण मग प्लेटच्या कडेची बेंड लाइन (जिथे ती वाकते ती रेघ) रोलिंगच्या दिशेला समांतर येते, आणि वाकवताना तिथे चीर पडण्याची भीती असते. टूल रूमला ट्रायल सांगितली. निकाल येईपर्यंत १,०८० च.

२० जानेवारी

वेल्डिंग वायर. बीओएममध्ये नगाला ०.००६ किलो. १०० स्टँड होण्याआधी आणि नंतर स्पूल तोलला: ६४० ग्रॅम गेले. नगाला ६.४. बीओएममध्ये किलोला तीनच दशांश स्थळं मिळतात, त्यामुळे ०.००६४ चे ०.००६ झाले होते. फरक रोज १.२ किलो, महिन्याला ३१ किलो, म्हणजे १५ किलोचे दोन स्पूल. बेस क्वांटिटी १,००० करून ६.४ किलो लिहिले. ग्रॅममध्ये मोजायचा कोणताही माल असला की बेस १,००० घ्यायचा, हा नियम सगळ्या बीओएमना लावला. ग्रीस आणि पॅकिंगची टेप अशाच सापडल्या.

२४ जानेवारी

प्रॉडक्शन व्हर्जन (बीओएम आणि रूटिंगची जोडी) सॅपच्या सी२२३ या स्क्रीनमधून एकत्र केल्या. मटेरियल मास्टरमध्ये (मालाची सिस्टीममधली मूळ नोंद) एमआरपी ४ या पानावर रिपीटिटिव्हची खूण आणि आरईएम (रिपीटिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग) प्रोफाइल. कॉस्ट कलेक्टर प्रत्येक व्हर्जनला.

स्टोरेज लोकेशन दोनच ठेवली: मुख्य स्टोअर आणि लाइनसाइड. बॅकफ्लश नेहमी लाइनसाइडमधून माल खाणार. स्टोअरमधून लाइनवर माल नेला की ट्रान्सफर पोस्टिंग (तीच हालचाल सिस्टीममध्ये नोंदवणं) झालंच पाहिजे, हे स्टोअरच्या चारही जणांना ट्रॉली समोर ठेवून करून दाखवलं. प्रत्येक मशीनला वेगळं लोकेशन द्यावं अशी एक सूचना होती. नको. जेवढी लोकेशन तेवढ्या ट्रान्सफर, आणि जेवढ्या ट्रान्सफर तेवढ्या विसरलेल्या ट्रान्सफर.

३० जानेवारी

टेस्ट सिस्टीमवर एक पूर्ण पाळी चालवली. मोजणी ५० नगांच्या बिनवर: बिन भरला की त्याचं कार्ड स्कॅन, त्याक्षणी ५० चा बॅकफ्लश. दिवसाला ६० स्कॅन. पाळीच्या शेवटी एकदम आकडा भरण्याची पद्धत टाकून दिली, कारण चूक झाली तर आठ तासांतली नेमकी कुठली ते कळत नाही.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

काल गुरुवारी लाइन बंद असताना पूर्ण मोजणी झाली. सुरुवातीचा स्टॉक चढवला. जुन्या सगळ्या ऑर्डरी बंद केल्या. आज पहिल्या पाळीपासून नवी पद्धत चालू. एमआरपी रन रात्री १:३० ला.

३ फेब्रुवारी

पहिल्या दिवसाचे ४१ बॅकफ्लश अडकले. सीओजीआयच्या (अडकलेल्या नोंदी दाखवणारी सॅपची स्क्रीन) यादीत एकेक उघडून बघितले. ३३ ठिकाणी पिव्होट बोल्ट किंवा नट लाइनसाइडला शिल्लक नाही: माल ट्रॉलीने गेला, ट्रान्सफर झालं नाही. ६ ठिकाणी त्याच क्षणी दुसऱ्या कोणीतरी तेच मटेरियल उघडून धरलेलं. हे पुन्हा पोस्ट केले की लगेच गेले. २ ठिकाणी वायर: स्टोअरने १ स्पूल लिहिला, आणि १ स्पूल म्हणजे १५ किलो हे रूपांतर मटेरियलला दिलेलंच नव्हतं.

हा अडकलेला ढीग निरुपद्रवी दिसतो. तयार मालाची जमा झालेली असते, डिस्पॅच चालू असतं, कोणाचं काही अडत नाही. पण सुट्या मालाची वजावट व्हायची राहिलेली असते. त्या रात्रीची एमआरपी तो माल अजून शिल्लक आहे असं धरूनच खरेदी काढते. म्हणून नियम: रात्री १:०० ला यादी शून्य. नसेल तर एमआरपी रन थांबवायचा. चुकीच्या स्टॉकवर काढलेला प्लॅन नसलेल्या प्लॅनपेक्षा वाईट.

निगेटिव्ह स्टॉक (शिल्लक शून्याखाली जाऊ देणं) चालू करा, म्हणजे काहीच अडकणार नाही, असा आग्रह झाला. नाही केला. अडकलेली नोंद ही विसरलेल्या ट्रान्सफरची खबर आहे. निगेटिव्ह स्टॉक ती खबरच बंद करतो, आणि महिनाअखेरीला उणे आणि अधिक आकड्यांचा गुंता उरतो.

६ फेब्रुवारी

अडकलेले ७. पाच बोल्टचे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

सॅपच्या एमएफ५० या स्क्रीनवरच्या प्लॅनिंग टेबलमध्ये काल, गुरुवारच्या रकान्यात १,४५० नग बनलेले दिसले. काल कारखाना बंद होता.

दुसरी पाळी रात्री १२:०० ला संपते. शेवटचे बिन १२ च्या पुढे स्कॅन होतात, शिवाय नेटवर्क गेलं म्हणून बुधवारी रात्री पाळीतले जवळजवळ सगळे बिन एकदम १२:२० ला चढवले गेले. पोस्टिंगची तारीख संगणकाच्या घड्याळावरून पडली. हेच महिन्याच्या शेवटच्या दिवशी झालं असतं तर जवळजवळ अख्ख्या पाळीचं उत्पादन पुढच्या महिन्याच्या हिशेबात गेलं असतं. स्कॅनच्या प्रोग्रॅममध्ये बदल केला: पोस्टिंगची तारीख पाळी सुरू झाली त्या दिवसाची, पहाटे २:०० पर्यंत. एमआरपी रनही २:१५ ला सरकवला, सीओजीआय शून्य करण्याची वेळ १:४५.

स्प्रिंगसाठी कानबान (रिकामा बिन हीच पुढच्या मालाची मागणी) सुरू. रोज ३,०००, बिनमध्ये २५०. रिकामा बिन उचलल्यापासून भरलेला परत येईपर्यंत अर्धा दिवस. ३,००० × ०.५ = १,५००, त्यावर २० टक्के सावधगिरी म्हणजे १,८००; २५० ने भागून ७.२. आठ बिन. नऊ करू नयेत. नववा बिन आला की पहिला कधी रिकामा झाला याकडे कोणी बघत नाही.

१३ फेब्रुवारी

कोटिंग. बॅकफ्लशच्या साखळीतला हा एकच टप्पा आपल्या छताखाली नाही, आणि सगळ्यात ढिला दुवा तोच. वेल्ड केलेला स्टँड आणि कोट केलेला स्टँड हे दोन वेगळे मटेरियल कोड ठेवले आहेत. माल गेला की सॅपच्या ५४१ क्रमांकाच्या नोंदीने जॉबवर्करकडचा स्टॉक होतो, कोट होऊन आला की आवकेच्या १०१ बरोबर ५४३ ने तिकडचा वजा होतो. पुस्तकात हे सोपं आहे. प्रत्यक्षात ६०० ची ट्रॉली जाते आणि ५९१ येतात. राहिलेले ९ म्हणजे कोटिंग नीट न बसलेले. ते रंग काढून पुन्हा कोट व्हायला तिथेच थांबतात. आपल्याकडे चलन ६०० चं, आवक ५९१ ची, आणि त्या ९ चा विचार कोणीच करत नाही. दिवसाला पाच ट्रॉल्या धरल्या तर आठवड्यात अडीचशेच्या वर नग तिकडे साठतात.

आता दर बुधवारी संध्याकाळी तिकडच्या मालाची मोजणी आणि आपला जॉबवर्कर स्टॉक समोरासमोर. पुन्हा कोट होणारे नग वेगळ्या लाल क्रेटमध्ये, क्रेटवर मूळ चलनाचा नंबर. जीएसटीच्या दृष्टीनेही हे लागतंच: जॉबवर्कला गेलेला माल वर्षभरात परत यायला हवा, नाहीतर पाठवल्याच्या दिवशीच तो विकला असं धरलं जातं. आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या मालाचं जीएसटी विवरण) भरताना ही जुनी शिल्लक वर येते तेव्हा चलनं शोधायला फार उशीर झालेला असतो.

गाडीच्या दोन फेऱ्या, सकाळी ८ आणि दुपारी ४. दुपारची फेरी तळेगाव चौकात अडकते. प्लॅन्ड डिलिव्हरी टाइम (माल परत यायला सिस्टीम धरते तो वेळ) १ दिवस ठेवला आहे, तो कमी करायचा मोह टाळायचा.

१७ फेब्रुवारी

प्लॅन सपाट करण्याचं काम. रोजची मागणी: ए १,४००, बी ८००, सी ४००, डी २००, ई १२०, एफ ८०. एमआरपीला लॉट-फॉर-लॉट (जेवढी मागणी तेवढाच लॉट) ठेवलं तर ती रोज सहाही प्रकार मागते. सहा प्रकारांना पाच फिक्श्चर बदल, ११० मिनिटं. आपल्या हिशेबात ४४ च आहेत. जास्तीची ६६ मिनिटं म्हणजे तासाला २४० ने २६४ नग. ६० नगांची उसंत असलेल्या लाइनला हे झेपत नाही.

दोन बदलांत तीन प्रकार बसतात. ए आणि बी रोज, तिसरी जागा फिरती. शुक्रवार ते बुधवार असा आपला आठवडा:

शुक्र: ए १,४००, बी ८००, सी ८००
शनि: ए १,०००, बी ८००, डी १,२००
रवि: ए १,४००, बी ८००, सी ८००
सोम: ए १,४८०, बी ८००, ई ७२०
मंगळ: ए १,४००, बी ८००, सी ८००
बुध: ए १,७२०, बी ८००, एफ ४८०

रोज ३,०००, आणि आठवड्याला प्रत्येक प्रकाराची बेरीज मागणीएवढी. चढउतार सगळा ए झेलतो, कारण त्याचाच खप मोठा आणि त्याचाच स्टॉक एका दिवसात फिरतो. फिरता प्रकार मधे घ्यायचा, आणि आदल्या दिवशी संपताना जे फिक्श्चर चढलेलं त्यानेच सकाळी सुरुवात. एक दिवस ए-सी-बी, दुसऱ्या दिवशी बी-डी-ए. तेव्हाच बदल दोन राहतात.

किंमत डी, ई, एफ च्या स्टॉकमध्ये मोजावी लागते: आठवड्यातून एकदा बनणार, म्हणून आठवडाभराचा माल ठेवायचा. डी चे १,२०० नग म्हणजे २४ बिन. जागा आहे. डी, ई, एफ ला साप्ताहिक लॉट साइझ दिला, आणि तीन दिवसांचा प्लॅनिंग टाइम फेन्स. फेन्सच्या आत एमआरपी काही हलवणार नाही. हलवायचं तर प्लॅनर हाताने हलवेल. गिऱ्हाइकाचं शेड्यूल रोज थोडं थोडं बदलतं, आणि प्रत्येक बदल लाइनपर्यंत पोचला तर कोटिंगची गाडी, प्रेस आणि स्प्रिंग सगळंच डुलायला लागतं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

१८ दिवसांनंतरची मोजणी. पुस्तकी स्टॉक आणि प्रत्यक्ष यांत फरक निघालेच. मागची सवय अशी की फरक निघाला की ७०१, ७०२ या फरकाच्या नोंदी मारून जुळवायचं आणि पुढे जायचं. यावेळी जुळवण्याआधी प्रत्येक फरकाकडे बघितलं. फरक कसा आहे यावरून तो कुठून आला ते कळतं, आणि जुळवला की ती खूण पुसली जाते.

ए चा वेल्ड केलेला स्टँड: पुस्तकात १५० जास्त. ५० ची नेमकी पट. बिन ५० चा. स्कॅनचा लॉग काढला, एकच कार्ड काही सेकंदांच्या अंतराने दोनदा, असं तीनदा झालेलं. पहिल्या स्कॅनला स्क्रीनवर उत्तर यायला वेळ लागला की ऑपरेटर पुन्हा मारतो. कार्डांना क्रमांक दिले; एकदा वापरलेला क्रमांक बिन रिकामा होऊन फिरून येईपर्यंत चालणार नाही.

पिव्होट बोल्ट: प्रत्यक्षात ५०० कमी, एकगठ्ठा. पाकीट ५०० चं. लाइन ५ कडे तेच बोल्ट लागतात. तिथे बिनचलनाचं एक फोडलेलं पाकीट सापडलं. ट्रान्सफर केलं, फरक गेला.

दुबार स्कॅनने वजा झालेला माल परत धरल्यावर पिव्होट ब्रॅकेट २१४ कमी, रॉड २११ कमी, फूट प्लेट २१५ कमी. हे तिन्ही एकाच स्टँडचे भाग आणि तिघांचा फरक जवळजवळ सारखा. बीओएम चुकली असती तर एकाच भागाचा फरक आला असता, चोरी असती तर तिघांचा सारखा आला नसता. म्हणजे पूर्ण जुळलेले स्टँड कुठेतरी नाहीसे होतायत. वेल्डिंगच्या रिजेक्शन रजिस्टरची बेरीज घेतली: २०९. दिवसाला अकरा-बारा स्टँड भोकं पडून किंवा वाकून बाद होतात, लाल पेटीत जातात, रजिस्टरमध्ये चढतात, पण बॅकफ्लशमध्ये स्क्रॅपच्या रकान्यात कोणी भरत नाही. चांगल्या नगांचाच स्कॅन होतो. आता लाल पेटीलाही कार्ड आहे, पाळीच्या शेवटी लाइन लीडर आकडा भरतो. रिपोर्टिंग पॉइंट (जिथे नगांची नोंद होते तो टप्पा) वेल्डिंगनंतर असल्याने स्क्रॅप भरलं की तिथपर्यंतचाच माल वजा होतो. जी प्लेट वेल्ड होण्याआधीच बाद झाली तिचा हिशेब प्रेसच्या पॉइंटला.

वायर: १८ दिवसांत ३४५.६ किलो जायला हवी होती, फरक ३ किलो. एक टक्क्याच्या आत. पत्र्याचा फरक अर्ध्या शीटहून थोडा जास्त. १९ आणि २० जानेवारीचं काम इथे दिसतं. उत्पादन जेवढं वाढेल तेवढा फरक वाढत जाणं ही बीओएमच्या चुकीची खूण, आणि ती आज कुठेच नव्हती.

ही ओळख छापून स्टोअरमध्ये लावली: बिनच्या पटीत फरक असेल तर स्कॅन. पाकिटाएवढा असेल तर ट्रान्सफर. उत्पादनाबरोबर वाढत असेल तर बीओएम. जोडीच्या भागांत सारखा असेल तर स्क्रॅप. वरीलपैकी काही नसेल तर पुन्हा मोजा, आणि तेव्हाही राहिला तरच जुळवणी.

१ मार्च, शुक्रवार

महिन्याचा हिशेब बंद. कॉस्ट कलेक्टरवरचा फरक जवळपास सगळा स्क्रॅपचा, जो २२ तारखेपर्यंत दिसतच नव्हता. उघड्या ऑर्डरी ४, सगळ्या पायलट लॉटच्या. एक्सेलचा प्लॅन १९ फेब्रुवारीपासून कोणी उघडलेला नाही; फाइलवरची तारीख तीच आहे.

७ मार्च, गुरुवार

दुसरी मोजणी. ए: फरक ०. बोल्ट: ३८ कमी, पटीत नाही, पुन्हा मोजले, २ कमी. ब्रॅकेट, रॉड, प्लेट: ६, ४, ७ कमी. लाल पेटीच्या कार्डावर बुधवारच्या दुसऱ्या पाळीचा आकडा राहिला होता, ५. कोटिंगवाल्याकडे आपले ३७ नग, तिकडच्या लाल क्रेटमध्ये ३७.

१३ मार्च

रुंदीने कापलेल्या पट्ट्यांची ट्रायल झाली. ३०० प्लेट काढल्या, कडा वाकवल्या, बाहेरच्या रेडियसवर भिंगाने बघितलं. चार प्लेटला केसाएवढी चीर. आधीच्या दिशेने कापलेल्या ३०० मध्ये एकही नाही. बेंडचा रेडियस वाढवायला ड्रॉइंग बदलावं लागेल आणि ते गिऱ्हाइकाच्या हातात आहे. विनंती पाठवली आहे. तोवर बीओएम तीच: १,०८० नगांना ७७.२७ किलो.